सामायिक निधी, मतदान आणि कोड

सामायिक निधी कुठे गुंतवायचा हे सभासदांनी मत देऊन ठरवायचं आणि व्यवहार खजिनदाराऐवजी संगणकाच्या कोडने पार पाडायचा, असा एक मोठा प्रयोग २०१६ साली इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या सामायिक साखळीवर झाला. त्याचं नाव ‘द डाओ’. हजारो लोकांनी मिळून सुमारे १५ कोटी डॉलर जमवले. पैशांच्या बदल्यात त्यांना टोकन मिळत; ज्याचे टोकन जास्त, त्याच्या मताला वजन जास्त. मात्र मत दिलं, की मतदान संपेपर्यंत टोकन अडकून पडत. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. जो मत देई, त्यालाच झळ बसे.

१७ जूनला कोडमधल्या फटीचा कुणीतरी फायदा घेतला. शिल्लक वजा करण्याआधीच कोड रक्कम हवाली करत असे. त्यामुळे तीच मागणी पुन्हा पुन्हा करून सुमारे ३६ लाख इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, वळवले गेले. सुदैवाने, नियमानुसार ही रक्कम काही आठवडे गोठलेली होती. तेवढ्या अवधीत कडाक्याचे वाद झाले आणि २० जुलैला साखळीच दुभंगून सभासदांना पैसे परत घेता येतील अशी सोय केली गेली. कोडने केलेला व्यवहार माणसांनी फिरवू नये, असं मानणारे जुन्याच साखळीवर राहिले. ती ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने आजही चालू आहे.