आखाती नोकरी : पैसा आणि कागद



रत्नागिरी-रायगडकडील आपल्या अनेक घरांत बहिणींची लग्ने आणि मुलांच्या फिया आखातातील कमाईवर झाल्या. तेव्हा परदेशी जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. जाण्यापूर्वी दोन प्रश्न मात्र विचारा.

पहिला प्रश्न : पैसे कशाचे? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते. त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावर जीएसटी, एवढी आहे. नोंदणी आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. पावतीवाचून एक पैसाही देऊ नका. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई केली आहे. असे असताना आईचे दागिने मोडून व्हिसा 'विकत' घ्यावा, ही कोणती रीत?

दुसरा प्रश्न : काम करण्याचा हक्क कोणत्या कागदाने सिद्ध होतो? व्हिजिट व्हिसाने तो मुळीच मिळत नाही. "आधी जा, परवाना मागाहून होईल" असे सांगणाऱ्यावर विसंबू नका. परवान्यावाचून काम करणाऱ्याचा पगार थकला, तर दाद मागणे कठीण. पकडला गेला, तर परत पाठवणी. अमिरातीत २०२४ च्या दुरुस्तीने अशा मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड ठेवला आहे. पण त्या दंडाने आपल्या मुलाचे कर्ज फिटत नाही. म्हणून नियुक्तीपत्र, पगाराचा आकडा आणि कामाचा परवाना पाहूनच तिकीट काढा. प्रत्येक कागदाची एक नक्कल घरी ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याविषयी. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर सामान्यतः 'ईसीआर'चा शेरा येतो. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान यांसारख्या देशांत नोकरीस जाताना त्याला सरकारची उत्प्रवासन मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी त्याच्या संरक्षणासाठीच आहे. तिच्याबरोबर १० लाख रुपयांचा विमाही येतो. ती चुकविण्यासाठीच एजंट त्याला व्हिजिट व्हिसावर धाडतो, आणि तेथे त्याचा वाली कोणी उरत नाही. दहावी झालेल्याला या मंजुरीची गरज पडत नाही; शिवाय करारनामा स्वतः वाचून सही करण्याचे बळ त्याच्यापाशी असते.

पालकांनो, एजंटाच्या हाती लाख रुपये ठेवण्याआधी मुलाच्या हाती दहावीचे प्रमाणपत्र ठेवा. परदेशच्या वाटेवरचा पहिला कागद तोच आहे, आणि तो आपल्याच गावच्या शाळेत मिळतो.