काचेवरचं पिवळं पाकीट

इंग्लंडमध्ये नोकरीला गेलेल्या आपल्या मुलाबाळांपैकी अनेकांना हा अनुभव येतो: गाडी लावून परत यावं, तर काचेवर पिवळं पाकीट! कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा दंड. 14 दिवसांत भरला तर निम्म्यावर सुटका, म्हणून बरेच जण मुकाट्यानं भरून टाकतात. पण एकदा भरला, की प्रकरण मिटलं. मग हरकत घेता येत नाही.

दंड चुकीचा वाटला तर त्याच 14 दिवसांत लेखी हरकत घ्यावी. ती फेटाळली तरी बहुतेक कौन्सिलं सवलत पुन्हा देऊ करतात. फोटो मात्र जागेवरच काढून ठेवावेत: पुसट झालेली पिवळी रेघ, फांदीआड गेलेली पाटी, तिकिटावरची वेळ. पैसे भरून लावलेल्या गाडीला मुदत संपल्यावर 10 मिनिटांची सूट कायद्यानंच दिलेली आहे.

पुढे गाडीमालकाला रीतसर नोटीस येते. तिला 28 दिवसांत उत्तर द्यायचं. त्यावर कौन्सिलनं 56 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर दंड रद्द! नकार आलाच, तर स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. लंडनचं वेगळं, बाकी इंग्लंडचं वेगळं. तिथं फी नाही, वकिलाचीही गरज नाही. 'घाईत होतो' ही सबब मात्र सहसा चालत नाही.

सुपरमार्केटच्या आवारातला खासगी कंपनीचा दंड ही निराळीच भानगड. त्याला हे नियम लागू नाहीत. तेव्हा पाकीट फोडल्यावर आधी पाहा, ते लावलंय कुणी.