दवाखान्यात न विचारला जाणारा प्रश्न

(वर्षावासानिमित्त सडक अर्जुनी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. कार्यकर्त्यांनी मला व्यसनमुक्तीवर बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नकारच दिला. या विषयावरचे भाषण सुरू झाले की पिणारा माणूस पहिल्या दोन वाक्यांतच मांडवाबाहेर विडी ओढायला जातो आणि पुढचा तासभर न पिणारे लोक न पिणाऱ्यांचे ऐकत बसतात. दारू वाईट आहे हे आपल्या माय-बहिणींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणून आज मी ते सांगणार नाही. दवाखान्यात रोग्याला जो प्रश्न विचारायला हवा आणि बहुतेक वेळा विचारला जात नाही, त्या प्रश्नाविषयी मी बोलणार आहे.

माझ्या टेबलावर रोज विड्रॉलचे फॉर्म येतात. सही नमुना सहीशी ताडून पाहणे हे माझे काम. काही खातेदारांची सही सकाळी दहा वाजता जुळत नाही. हात थरथरतो, अक्षर रेघेबाहेर जाते. "साहेब, दुपारी येतो जी," असे म्हणून माणूस जातो आणि दोन वाजता येऊन अगदी नमुन्यासारखी सही करतो. पहिल्यांदा मला वाटले की उन्हाचा, उपाशीपोटीचा परिणाम असेल. म्हातारपणाने किंवा दुसऱ्या एखाद्या आजारानेही हात कापतो, त्यामुळे कापणाऱ्या प्रत्येक हाताकडे संशयाने पाहू नये. परंतु मधल्या चार तासांत काय घडले असेल, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली, आणि ते माझ्या घरातूनच कळले.

माझे थोरले बंधू मोहाची दारू पीत. सुरुवातीला लग्नकार्यात, मग बाजाराच्या दिवशी, मग रोज. चार वर्षांत ते एकाच दवाखान्यात अनेकदा गेले. कधी पोटात जळजळ होते म्हणून, कधी सायकलवरून पडून कपाळाला टाके घालायला, कधी रक्तदाब वाढला म्हणून. प्रत्येक वेळी चिठ्ठीवर गोळ्या लिहून मिळाल्या. "दारू घेता का, किती घेता?" एवढे कोणीही विचारले नाही. त्या दवाखान्याचे नाव मी घेत नाही, कारण दुसऱ्या दवाखान्यात काही वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. आणि आम्ही घरचे तरी कुठे सांगत होतो? आम्हालाच लाज वाटत होती.

एका धम्मचक्र प्रवर्तन दिनी दादा दीक्षाभूमीवर गेले. तिथून परतले ते पंचशीलातील पाचवे शील यापुढे मोडणार नाही, असा निश्चय करूनच. घरात आनंद झाला. आईने खीर केली. दुसऱ्या दिवशी त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, पोटात अन्न ठरेना. आम्ही म्हटले, सवय सुटते आहे, सहन करा. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरून किडे चालताना पाहू लागले आणि आईलाच ओळखेनासे झाले. शेजारच्या एकाने मांत्रिकाचे नाव सुचवले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात आम्ही अर्धी रात्र त्या सल्ल्याचा विचार करीत घालवली, हे सांगताना मला आजही संकोच वाटतो. पहाटे जीप करून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेले, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न केला, "किती वर्षे पितात आणि शेवटची कधी घेतली?" तो प्रश्न चार वर्षे उशिरा आला होता.

विद्यार्थी मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीशी झुंजत स्वतःला सतत उत्तेजित ठेवायला शिकलेला असतो. दारू एकदम थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. काही तासांतच थरथर, घाम, मळमळ आणि निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, आणि उपचार न झाल्यास त्यात माणूस दगावू शकतो. यावर उपचार आहेत. डायझेपामच्या गटातील औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरत्या मात्रेत देतात, आणि दारुड्याच्या शरीरात ब जीवनसत्त्वाची, विशेषतः ब-१ ची, जी कमतरता असते ती भरून काढतात. दहा वाजता न जुळणाऱ्या सहीचे रहस्यही हेच. रात्रीची उतरलेली असते, सकाळची पोटात गेलेली नसते.

याचा अर्थ शील घेऊ नये असा कोणी काढू नका. परंतु ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घोट लागतो, त्याच्याकडून आपण टाळ्यांच्या गजरात शपथ घेतो आणि पुढचे तीन दिवस त्याच्या घरी फिरकत नाही. ही आपली चूक आहे. त्याला आधी दवाखान्यात न्यावे लागते.

आता प्रश्न कसा विचारावा, याकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांतील आरोग्य केंद्रांत अभ्यास करवून दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केली. तिला 'ऑडिट' म्हणतात. बँकेतल्या माणसाला या शब्दाची धास्ती असते, पण इथे कुणाचे पुस्तक तपासले जात नाही. पहिले तीन प्रश्न किती वेळा आणि किती पिता याचे, पुढचे तीन ताबा सुटला आहे का याचे, उरलेले चार पश्चात्ताप, विसर पडणे, इजा आणि इतरांनी व्यक्त केलेली काळजी यांचे. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. आठच्या आत असेल तर धोका कमी समजतात. आठच्या पुढे सल्ला द्यावा, आणि वीस किंवा अधिक गुण आले तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. पाच मिनिटांचे काम. चाचणीत एक प्रश्न असा आहे की, आदल्या दिवशी भरपूर प्यायल्यावर सकाळी स्वतःला सावरण्यासाठी पुन्हा घ्यावी लागते का. तो एक प्रश्न माझ्या बंधूंना वेळेवर विचारला असता, तर आम्हाला ती तिसरी रात्र पाहावी लागली नसती.

"विचारून काय होणार? पिणारा पितोच," असे आपल्याकडे म्हणतात. यावर संशोधन झालेले आहे. १९७७ साली लंडन येथे ग्रिफिथ एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूच्या त्रासाने आलेल्या शंभर विवाहित पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला त्या काळातील पूर्ण उपचार दिले, दुसऱ्याला पती-पत्नीसमोर एकदाच बसवून स्पष्ट सल्ला दिला. वर्षभरानंतर दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही. त्यामुळे शहाण्या शब्दाची किंमत जगाला नव्याने कळली.

परंतु मला अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे वाटते. तेथील 'संगत' या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आदी संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या पुरुषांना हे दहा प्रश्न विचारले. बारा ते एकोणीस गुण आलेले ३७७ जण अभ्यासात सामील झाले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत समुपदेशन मिळाले, जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती त्याच भागातील, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. ती रागावत नसत, उपदेश करीत नसत. पिण्याने तुमचे काय होत आहे ते समोर मांडत, सोबत्याने आग्रह केला तर नाही कसे म्हणायचे याची तालीम करून घेत. तीन महिन्यांनी, मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले लोक या गटात शेकडा ४२ होते, दुसऱ्या गटात शेकडा १८. हा अहवाल २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि वर्षभरानंतरही फरक टिकल्याचे त्याच साली प्रसिद्ध झाले.

एकच बाजू सांगणे बरे नाही. जे पीतच राहिले, त्यांच्या पिण्याचे प्रमाण या बैठकांनी कमी झाले नाही. वीस किंवा त्याहून अधिक गुण आलेले लोक या प्रयोगात घेतलेले नव्हते, म्हणजे माझ्या बंधूंसारख्यांना चार बैठकांनी भागले असते असे मी म्हणू शकत नाही. दारूऐवजी अमली पदार्थ घेणाऱ्यांवर अशाच थोडक्यातल्या सल्ल्याचा उपयोग होत नाही, असे अमेरिकेतील दोन अभ्यासांत २०१४ साली दिसून आले. एकच चावी सर्व कुलुपांना लागत नाही.

आपल्याकडे कागद नाही असेही नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात तंबाखू आणि दारूचा प्रश्न आहे. दारूचा प्रश्न असा की, रोज पिता का? जो फक्त बाजाराच्या दिवशी पितो, पण बेशुद्ध होईपर्यंत पितो, तो अगदी खरे उत्तर देऊन शून्य गुण मिळवतो. शिवाय प्रश्न अंगणात, सासू-सुना, शेजारी बसलेले असताना विचारला जातो. "नाही जी," याखेरीज दुसरे उत्तर येणार कसे? यात आशाताईंचा दोष नाही. त्यांना एका दिवसात किती घरे करावी लागतात ते मी माझ्या घरात पाहतो. माझी वहिनी आशा आहे.

खर्ऱ्याविषयी तर विचारूच नका. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून विद्यार्थ्यांच्या खिशातही असतो, आणि खर्रा खाणाऱ्याला आपल्या भागात कोणी व्यसनी समजतच नाही. तोंड उघडून तपासायला मिनिटही लागत नाही.

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेल्या सदतीस जणांतले बरेचसे पोटदुखी, अपघात, रक्तदाब यांसाठी कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या बाकावर बसून गेले असणार. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी २०१६ पासून 'मुक्तिपथ'च्या माध्यमातून तिथे उपचाराचीही जोड द्यावी लागली. दुकान बंद करणे आणि माणूस बरा करणे ही दोन कामे वेगळी आहेत.

दादा त्या वेळी वाचले. सात दिवसांनी सुट्टी मिळाली, पण पुढे काय करायचे, कुणाकडे जायचे, हे सुट्टीच्या कार्डावर नव्हते. महिनाभरात पुन्हा सुरू झाली. मग कावीळ, मग पोटात पाणी. तीन वर्षांनी ते गेले.

संस्थेपुढे माझी एक सूचना आहे. १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरात आपण रक्तदाबाचे टेबल लावतो. त्याच्या बाजूला, पण पडद्याआड, दुसरे एक टेबल लावावे. तिथे ऑडिटचे दहा प्रश्न मराठीत छापून ठेवावेत. नाव लिहू नये. वीसच्या पुढे गुण आलेल्याला "आजच बंद कर" असे कोणी सांगू नये, त्याच्यासोबत दवाखान्यात जाईल असा एक माणूस ठरवून ठेवावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावेत. टेबलावर बसणाऱ्यांना आधी डॉक्टरांकडून शिकून घ्यावे लागेल. त्यासाठी दोन रविवार मी देतो. आणखी चार जण हवेत, त्यांत दोन तरी महिला असाव्यात. ज्यांना जमेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे.

जय भीम.