पुराचे पाणी आणि नवशिक्यांची होडी
(मंडळाच्या तरुण शाखेच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या तरुण शाखेने आषाढात कुंडलिका नदीतून दोन दिवसांची होडीसफर योजिली आहे. बारा जण जाणार. त्यांपैकी दोघांनीच पूर्वी वल्हे हाती धरले आहे. तयारीविषयी आम्ही चार शब्द सांगावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. तरुणांच्या उत्साहावर विरजण घालावे अशी आमची इच्छा नाही. तथापि ज्या विषयात आम्ही स्वतः एकदा चुकलो, त्याविषयी मौन धरणे हा दुसरा अपराध होईल.

प्रथम नदीचा स्वभाव पाहू. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांवाटे भिरा येथील वीजगृहात उतरते आणि वीज निर्माण करून कुंडलिकेस मिळते. म्हणूनच पावसाळा संपल्यावरही तीत होड्या चालण्याजोगे पाणी खेळते. आषाढात मात्र या पाण्यात ताम्हिणीच्या डोंगरांवरील पावसाची भर पडते. कोलाडला ऊन पडले असतानाही वरचा पाऊस थोड्याच वेळात लोंढ्यासारखा खाली येतो. सबब केवळ आकाश पाहून निघणे हे अर्धेच शहाणपण होय.

कोणी म्हणेल, पावसाळ्यातही तेथे रबरी तराफ्यांतून लोक जातातच. खरे आहे, परंतु प्रत्येक तराफ्यावर त्या पाण्यात मुरलेला वाटाड्या असतो. नवशिक्यांनी स्वतः हाकलेली अरुंद होडी ही गोष्ट निराळी. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. होडीत अर्धा घनमीटर पाणी शिरले तर 500 किलोंचा भार झाला. तो दोन तरुणांना आवरत नाही. काठचे वृक्ष पुरात अर्धे बुडतात. त्यांच्या फांद्यांतून पाणी निघून जाते, माणूस मात्र अडकतो. बंधाऱ्याखाली पाणी उलटे फिरते आणि पडलेल्यास पुनःपुन्हा आत ओढते.

आता आमची कथा. पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांची एक सहल घेऊन निघालो होतो. वाटेत नदी फुगलेली होती. नावाडी म्हणाला, "गुरुजी, पाणी चढतंय, दुपारपर्यंत थांबा." पलीकडे जेवणाची व्यवस्था झाली होती, पैसे भरले होते, आणि मुलांसमोर माघार घेणे आम्हांस कमीपणाचे वाटले. आम्ही होडी सोडावयास लावली. मध्यधारेत वल्हे निसटले आणि होडी एका उंबराच्या फांदीवर आदळून कलंडली. सहावीतला एक मुलगा फांदीला लोंबकळत राहिला; नावाड्याने त्यास आणि इतरांस ओढून काढले. सर्व मुले वाचली, ती आमच्या शहाणपणाने नव्हे. त्या मुलाच्या आईने आम्हांस एक शब्दही विचारला नाही. ते मौन आम्ही अद्याप विसरलो नाही.

म्हणून आमची विनंती अशी. सफर कार्तिकात न्या. ज्यांचा जन्मच पाण्यावर गेला, ते कोळी बांधवही नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहिल्यावरच मासेमारीस निघतात. मग आपण कोण मोठे लागून गेलो? तोवर संथ तलावात सराव करा. होडी मुद्दाम उलटवून बाहेर पडण्यास शिका. पाण्यात पडल्यास धारेत उभे राहू नये, पाय दगडांत अडकतो. उताणे होऊन पाय पुढे ठेवून वाहत काठ गाठावा. उलटलेल्या होडीच्या वरच्या धारेस राहावे, खाली राहिल्यास होडी आणि खडक यांमध्ये चिरडण्याचा धोका असतो. जीवरक्षक जाकीट काठावरच घट्ट बांधावे. प्रत्येक नवशिक्यासोबत जाणता वल्हेकरी असावा. आपल्याकडे दोघेच आहेत, तेव्हा स्थानिक वाटाडे घ्या. जाणत्यांनी आधी काठाने चालत जाऊन झाडे, बंधारे आणि उतरण्याच्या जागा पाहून ठेवाव्यात. एक गाडी आणि दोन माणसे रस्त्यावर राहावीत. दरीत दूरध्वनी लागेलच असे नाही.

निघण्याच्या सकाळी भिऱ्याहून किती पाणी सोडणार, घाटावर पाऊस किती झाला आणि नदी इशारा पातळीपासून किती खाली आहे, हे विचारा. काठच्या एका खडकावर आदल्या दिवशीच खूण करा. पाणी खुणेवर गेले की सफर रद्द. त्यावर मतदान नको आणि भरलेल्या पैशांचा हिशेब नको. त्यांतील सर्वांत लहान मुलगी जरी "नको" म्हणाली, तरी तिचा शब्द शेवटचा मानावा.

मुलांनो, नदी उद्याही वाहणार आहे. माघार घेणारा पुढारी भित्रा ठरत नाही. सर्वांना घरी परत आणणारा तोच खरा पुढारी. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.