आकडा आणि मुदत

आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याचे वय कोणीही सांगेल. संगणकाच्या कार्यप्रणालीचे तसे नाही. विंडोज ८.१ नंतर ९ आलीच नाही. २०१५ साली एकदम १० आली. उलट उबुंटूचा २४.०४ हा आकडा म्हणजे २०२४ चा एप्रिल. तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलात निघते व पाच वर्षे सांभाळली जाते. विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. यंत्र चालते, पण नवी भोके बुजत नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, सेनगाव-कळमनुरीच्या शाळांनी संगणक घेताना आकड्याच्या मोठेपणाला भुलू नये. बियाण्याच्या पिशवीवरची मुदत शेतकरी जशी आधी वाचतो, तशी ती आधी विचारावी.