करवीरची वसतिगृहे
(ज्युबिली समारंभात दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्हांस बराच विचार पडला. ज्युबिलीच्या दिवशी आपल्या मंडळींची स्तुती करण्याची चाल सर्वत्र आहे, व ती काही वाईट नव्हे. परंतु ते काम आमच्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी इतक्या मनापासून केले आहे की, त्यात भर घालण्यास आम्हांस जागाच उरली नाही. म्हणून ज्या नगरीत आपले हे प्रभुमंदिर उभे आहे, त्या नगरीने दारिद्र्य व जातिभेद या जुळ्या व्याधींवर जो एक उपाय योजिला, त्याची हकीकत आपणांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे. हकीकत येथीलच असल्यामुळे ती आपणांस ठाऊक आहे असा आपला समज असेल. तथापि रोज ज्या इमारतींवरून आपण जातो, त्यांजकडे आपण क्वचितच पाहतो.

दसरा चौकात उभे राहून सभोवार दृष्टी फिरवावी. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशा पाट्या दिसतात. थोडे पुढे गेल्यास आणखी दिसतात. परगावचा मनुष्य विचारतो की, एवढी बोर्डिंगे या एका गावात का? त्यास उत्तर देण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

शाहू छत्रपतींनी 1894 साली राज्यकारभार हाती घेतला, त्या वेळी दरबारच्या 71 वरिष्ठ जागांपैकी 60 जागा एकट्या ब्राह्मण वर्गाकडे होत्या. यात कोणाची लबाडी होती असे म्हणण्याचे कारण नाही. शिकलेले लोक त्याच वर्गात होते, एवढेच. मग इतर वर्गांची मुले शिकत का नव्हती? शाळा होत्या, राजाराम कॉलेज होते, फी माफ करणारा राजाही होता. अडचण निराळीच होती, आणि ती पोटाची होती. खेड्यातून शहरात शिकण्यास आलेल्या गरीब ब्राह्मण मुलास माधुकरी मागता येई, सात घरी सात वार लावून जेवता येई. त्या समाजाने आपल्या विद्यार्थ्यांची ही सोय पिढ्यानपिढ्या करून ठेवली होती, व ती सोय, आमच्या मते, स्तुत्यच होती. कुणब्याच्या पोरास असे वार लावून देणारे कोणी नव्हते. आणि महाराच्या किंवा चांभाराच्या मुलास तर पैसे मोजूनही खाणावळीत पान मिळत नसे, आणि भाडे देऊ केले तरी खोली मिळत नसे. ज्यास रात्री पाठ टेकावयास जागा नाही त्यास शाळेचे दार उघडे असून काय उपयोग? शिक्षणाचा प्रश्न हा प्रथम अंथरुणाचा व ताटाचा प्रश्न आहे, हे वर्म महाराजांनी ओळखिले, यातच त्यांच्या बुद्धीचे तेज आम्हांस दिसते.

आरंभी त्यांनी सरळ मार्ग धरिला. 1896 साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मिळून एकच वसतिगृह काढले. परंतु थोड्याच काळात तेथे एकाच वर्गाचे प्राबल्य झाले व इतर मुले गळून गेली. एका छपराखाली निजणे सोपे, एका पंक्तीस बसणे कठीण, असा तो काळ होता. तेव्हा महाराजांनी दुसरी वाट काढिली. प्रत्येक समाजातील पुढारी मंडळींस बोलवावे, त्यांजकडून संस्था स्थापवावी, दरबाराने जागा, इमारत व उत्पन्न यांची मदत द्यावी, आणि कारभार त्या त्या समाजाने चालवावा. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैनांचे निघाले. 1906 साली मुसलमानांची शिक्षणसंस्था उभी राहिली व तिचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी पत्करिले. 1907 साली लिंगायतांचे, आणि 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे शिंपी, सारस्वत, वैश्य, ढोर-चांभार, सुतार, नाभिक अशा समाजांची एकामागून एक निघत गेली. 1915 साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही एक निघाले, हे या सभेस मुद्दाम सांगितले पाहिजे; कारण मोजदाद करताना आम्हांसही कोणी विसरले नव्हते.

यांपैकी मिस क्लार्क वसतिगृहाविषयी अधिक बोलण्याची आमची इच्छा आहे. व्हायोलेट क्लार्क ही मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांची कन्या. तिच्या नावाने हे घर का काढिले, असे कोणी विचारील. राजकारणाची सोय त्यात असेलही. ज्या कामास गावातील प्रतिष्ठित मंडळी नाके मुरडणार, त्यास गव्हर्नरच्या मुलीचे नाव दिले म्हणजे निंदकांची तोंडे आपोआप मिटतात, हे महाराज जाणून असावेत. त्यांच्या चातुर्याचे आम्हांस फार कौतुक वाटते. महार, मांग, चांभार यांची मुले त्या घरात पहिल्याने कंदिलाच्या उजेडात अभ्यासास बसली. पुढे 1919 साली महाराजांनी अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर बसवावीत असा हुकूम काढिला, आणि 1920 साली अस्पृश्य वर्गातील माणसांस वकिलीच्या सनदा दिल्या. वसतिगृह आधी व सनद मागाहून, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

आता त्या वसतिगृहाच्या उद्घाटनाच्या दिवसाची एक गोष्ट सांगितली जाते. कुंभोज गावचा भाऊराव पाटील नावाचा एक जैन विद्यार्थी तेव्हा जैन बोर्डिंगात राहून शिकत होता. तो त्या समारंभास गेला. परत आल्यावर त्यास स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्याने साफ नाकारिले, व परिणामी त्यास बोर्डिंग सोडावे लागले. बंधूंनो, या एका गोष्टीत करवीरच्या साऱ्या प्रयोगाचे यश व अपयश एकत्र आहे. ज्या घराने त्यास शिकण्यास छप्पर दिले, त्याच घराने दुसऱ्या घरी जाऊन आल्याबद्दल त्यास बाहेर काढिले. जातवार वसतिगृहांनी जातीतील दारिद्र्य हटविले. जातीजातींमधील भिंत मात्र तेवढ्याने पडली नाही, कित्येक ठिकाणी तिला चुना लागून ती अधिक स्वच्छ दिसू लागली.

यावरून महाराजांची योजनाच चुकली असे म्हणणारे विद्वान आहेत. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. 1896 चा प्रयोग फसला नसता तर 1901 ची गरज पडली नसती. ज्याचे ताट आज रिकामे आहे त्यास, जातिभेद नाहीसा होईपर्यंत थांब, असे सांगणे हे पोट भरलेल्याचे तत्त्वज्ञान होय. शिवाय त्याच हातांनी त्यांनी भिंतीवरही घाव घातलेच होते. 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा महाराज विलायतेत होते. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. 1918 साली महारवतने रद्द करून, पिढीजात वेठबिगारीखाली दबलेल्या महारांची जमीन रयतावा केली. आणि गंगाराम कांबळ्यांचे चहाचे दुकान तर जुन्या कोल्हापुरात सर्वतोमुखी होते. पाण्याच्या हौदास शिवल्यावरून ज्यास मार खावा लागला, त्या गंगारामाने भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे हॉटेल घातले. गिऱ्हाईक कोठून येणार? तेव्हा महाराज आपली गाडी दुकानासमोर थांबवून चहा मागवीत, व बरोबरच्या मंडळींसही पाजीत. राजाने घेतलेला चहा नको म्हणण्याची छाती कोणास? याच गंगारामांनी आपल्या बांधवांसह 1925 साली महाराजांचे स्मारक नर्सरी बागेत उभारिले.

माणगावची परिषद आपण जाणताच. 1920 च्या मार्च महिन्यात 21 व 22 तारखांस कागल जहागिरीतील त्या खेड्यात अस्पृश्य वर्गाची सभा भरली. अध्यक्ष होते डॉक्टर आंबेडकर. त्यांचे ‘मूकनायक’ पत्र निघून जेमतेम दोन महिने झाले होते, व त्या पत्रास महाराजांनी 2,500 रुपये दिले होते. तेथे जमलेल्या लोकांस महाराजांनी सांगितले की, तुम्हांस तुमचा पुढारी तुमच्यातूनच मिळाला आहे. दाता स्वतः बाजूस सरून घेणाऱ्यास पुढे करितो, हे दृश्य धर्मकार्यातही विरळा पाहावयास मिळते.

जैन बोर्डिंगातून निघालेल्या त्या भाऊरावांकडे आता परत वळू. त्यांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि 1924 साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढिले. 1896 साली जे साधले नाही ते येथे साधले. एकच चूल, एकच पंक्ती, आणि दळण, पाणी, स्वयंपाक, शेतकाम हे सर्व मुलांनीच करावयाचे. एकदा शिधा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्र मोडून मुलांस जेवू घातले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास शाहू छत्रपतींचेच नाव देण्यात आले. शिष्याने गुरूच्या पुढे एक पाऊल टाकावे आणि तेथे गुरूचे नाव कोरावे, याहून मोठी गुरुदक्षिणा आम्हांस ठाऊक नाही. ‘कमवा आणि शिका’ हा भाऊरावांचा मार्ग पुढे 1962 साली स्थापन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठानेही उचलिला.

आता आपणांकडे येतो, आणि येथे थोडे स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमा असावी.

आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्याच वस्त्यांतून आले आहेत, ज्यांच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. बाप्तिस्म्याने त्यांचे नाव पालटले. गावाने त्यांची जात पालटू दिली नाही. 1950 साली राष्ट्रपतींचा जो आदेश निघाला, त्याने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. 1956 साली त्यात शिखांचा व 1990 साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गांत होते. 2022 साली केंद्र सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी आयोग नेमिला. ही तक्रार न्याय्य आहे, व ती मांडणे आपला हक्क आहे. परंतु सरकारच्या दाराशी उभे राहताना आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. 2016 साली भारतातील कॅथॉलिक बिशप परिषदेने आपले दलितविषयक धोरण जाहीर केले, त्यात ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद चालतो हे खुद्द धर्माध्यक्षांनीच मान्य केले आहे. सोयरीक जुळविताना आपल्या घरात कोणते प्रश्न विचारले जातात, हे आम्ही येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि जागेचा प्रश्न तर आजही तसाच आहे. चंदगड, गगनबावडा, राधानगरी या डोंगरी तालुक्यांतून मुले-मुली या शहरात शिकण्यास येतात. खोली पाहावयास गेल्यावर भाडे किती हे त्यांनी विचारण्यापूर्वी घरमालक आडनाव विचारतो. आडनाव सांगितल्यावर खोली नुकतीच दुसऱ्यास दिलेली असते. मुलींची अडचण याहून बिकट. ती प्रारंभापासूनचीच आहे. 1895 साली महाराजांनी रखमाबाई केळवकरांसारख्या विदुषीकडे मुलींच्या शाळांची देखरेख सोपविली खरी, परंतु वर सांगितलेल्या वसतिगृहांचा थाट मुख्यतः मुलांसाठीच होता.

महाराजांस जाऊन 100 वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे 6 मे 2022 रोजी, हे सारे शहर 100 सेकंद स्तब्ध उभे राहिले होते. वाहने थांबली, दुकानदार दुकानाबाहेर आले. तो देखावा हृदयंगम होता यात शंका नाही. परंतु 101 व्या सेकंदास भाड्याची खोली मागणारी मुलगी पुन्हा त्याच दारात उभी होती.

ज्युबिली फंडात खर्च वजा जाता काही रक्कम उरेल असे चिटणीसांकडून समजते. तिचा विनियोग करण्याविषयी दोन सूचना आल्या आहेत: प्रवेशद्वारावर दगडी कमान बांधावी ही एक, व मंदिरामागील जुन्या पडवीच्या चार खोल्या दुरुस्त करून तेथे शिकणाऱ्या मुलींची राहण्याची सोय करावी ही दुसरी. कमानीचा नकाशा आम्ही पाहिला आहे. तो सुंदर आहे. तरी आमचे मत दुसऱ्या सूचनेच्या बाजूने आहे, व ते आम्ही येत्या रविवारच्या सभेत मांडणार आहोत. त्यातही आमच्या तीन अटी राहतील. खोल्या केवळ आपल्या धर्मग्रामातील मुलींसाठी राखून ठेवू नयेत. अर्जाच्या कागदावर जातीचा रकाना असू नये. आणि स्वयंपाकघर एकच असावे, व पाळीप्रमाणे प्रत्येकीने त्यात हात घालावा. तिसऱ्या अटीस विरोध होईल अशी कुणकुण आताच आमच्या कानी आली आहे. विरोध करणाऱ्या सज्जनांनी सभेस अवश्य यावे, आणि आपली कारणे सर्वांसमक्ष उभे राहून सांगावीत.