पाच ओव्यांचा गुरुवार
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



सप्ताहात सात दिवसांत ज्ञानेश्वरीचे पारायण होते. मीही त्याला बसत आले आहे. नऊ हजारांवर ओव्या कानांवरून जातात, मन प्रसन्न होते. पण कोणी अर्थ विचारला तर मान खाली घालावी लागे. म्हणून मंडळात दर गुरुवारी पाचच ओव्या वाचायचे ठरले, तेव्हा मला हसू आले. या हिशेबाने ग्रंथ पुरा व्हायला पस्तीस वर्षे लागायची!

आरंभी बारावा अध्याय घेतला. तो लहान, सुमारे अडीचशे ओव्यांचा. त्यालाच वर्ष लागले. भाषा शके १२१२ ची. पावलोपावली अडत होतो. पण शके १५०६ मध्ये ग्रंथ शुद्ध करताना नाथमहाराजांनाही निरनिराळ्या प्रती ताडून पाहाव्या लागल्या होत्या. मग आपण अडलो तर लाज कसली?

पुढे तेरावा लागला. त्यात देहाला क्षेत्र, म्हणजे शेत, म्हटले आहे आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. मी शिकलेली, शब्दकोश काढून अर्थ सांगू लागले. कोणालाच उमगेना. तेव्हा कोपऱ्यातल्या एक आजी, ज्यांना अक्षरओळखही नाही, म्हणाल्या, “पोरी, राब कधी भाजायचा, लावणी कधी धरायची, हे शेताला ठावं नसतं. कसणाऱ्याला ठावं.”

मी कोश मिटला.

आजींचे शेत आता राहिलेले नाही. आपल्या वडप्यात भाताच्या खाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली, त्यांत तेही गेले. मी भीतभीत विचारले, “आजी, क्षेत्रच गेले तर?” त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, “शेत गेलं. जाणणारी बसलीय ना हितं!”

हा अर्थ शास्त्राला धरून आहे की नाही, ते विद्वानांनी ठरवावे. एकटीने घाईघाईने वाचले असते, तर मला तो सापडला नसता, एवढे खरे.

म्हणून माझी विनंती, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी गुरुवारी आधी यावे. आम्ही वाचू, तुम्ही सांगा. पसायदानापर्यंत आपण पोचू न पोचू. आपल्या लेकीसुना पोचतील.